मुलांना होणारा लघवीचा संसर्ग: लक्षणं, नमुना आणि कारणांचा शोध

दीड वर्षाच्या मुलाला दोन दिवस १०२ ताप आहे. नाक वाहत नाही, खोकला नाही, घसा आणि कान ठीक, अंगावर पुरळ नाही, जुलाब नाहीत. घरात मात्र निदान होऊन गेलेलं असतं: दाढा येतायत, नाहीतर उष्णता झालीय. ताप आहे पण कारण सापडत नाही, अशा दोन वर्षांखालच्या मुलांची लघवी तपासली तर शंभरात साधारण पाच ते सात जणांमध्ये संसर्ग निघतो. दात येताना लाळ गळते, चिडचिड होते, अंग जरा कोमट लागतं; १०१ च्या वरचा ताप दातांच्या नावावर टाकू नये.

हे निदान बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बिघडतं. लघवीचा नमुना घेण्याआधीच अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जातो आणि त्यानंतर काही तासांतच लघवीतले जंतू कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, उगवेनासे होतात. ताप उतरतो, पण तो लघवीचाच संसर्ग होता का, जंतू कोणता, औषध किती दिवस द्यायचं, सोनोग्राफी करायची का, यातल्या एकाही प्रश्नाला नीट उत्तर उरत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: नमुना आधी, अँटिबायोटिक नंतर. मूल फार आजारी असेल तर दवाखान्यात नळी घालून दोन मिनिटांत नमुना घेतात आणि लगेच औषध सुरू करतात. तेव्हाही क्रम हाच.

वय बदललं की लक्षणं बदलतात

मोठ्या माणसाला जळजळ होते, तो सांगतो. तान्ह्या बाळाला सांगता येत नाही आणि त्याची लक्षणं लघवीकडे बोटही दाखवत नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांत बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडून राहतं किंवा किरकिर करतं, उलट्या होतात, वजन वाढत नाही, कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळते. ताप असतोच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. या वयात जंतू लघवीतून रक्तात जायला वेळ लागत नाही, म्हणून तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठायचं. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही.

तीन महिने ते दोन वर्षं या वयात मुख्य लक्षण म्हणजे ताप, तोही अनेकदा एकटाच. सोबत उलट्या, क्वचित पातळ शी, खाणं कमी. शू करताना बाळ कळवळून रडत असेल तर ती महत्त्वाची खूण आहे. लघवीला उग्र वास येतो ही तक्रार फार ऐकू येते, पण नुसत्या वासावरून काही ठरत नाही. पाणी कमी पडलं तरी वास येतो.

दोन-अडीच वर्षांनंतर खुणा मोठ्यांसारख्या होऊ लागतात. जळजळ, दर पंधरा मिनिटांनी शूला धावणं, थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं, गढूळ किंवा लालसर लघवी. आणखी एक खूण सहज निसटते: रात्री कोरडं राहायला लागून सहा महिने झालेलं मूल अचानक अंथरूण ओलं करू लागतं, किंवा दिवसा चड्डीत शू होते. अशा मुलाला रागावण्याआधी लघवी तपासून घ्या.

संसर्ग मूत्राशयापुरता आहे की मूत्रपिंडापर्यंत पोचलाय, हे ढोबळपणे तापावरून कळतं. नुसती जळजळ आणि वारंवार लघवी, ताप नाही किंवा अगदी कमी, तर बहुधा मूत्राशय. ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप, हुडहुडी, उलट्या, कुशीत किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखणं, तर मूत्रपिंड धरून चालायचं. दोन वर्षांखालच्या मुलात हा फरक करत बसत नाहीत. ताप आणि लघवीचा संसर्ग एकत्र आले की मूत्रपिंडाचा संसर्ग समजूनच उपचार होतात. पहिल्या तापाच्या संसर्गानंतर शंभरातल्या साधारण पंधरा मुलांच्या मूत्रपिंडावर कायमचा व्रण राहतो. मोठेपणी रक्तदाब वाढण्याचं हे एक कारण ठरू शकतं आणि उपचाराला दोन-तीन दिवस उशीर झाला की व्रणाची शक्यता वाढते.

उन्हाळी लागलीय की संसर्ग?

एप्रिल-मे महिन्यात खेळून आलेलं मूल जळजळ होते म्हणतं, लघवी गडद पिवळी असते. ताप नाही, मूल एरवी मजेत आहे. अशा वेळी पाणी, ताक, सरबत भरपूर द्या आणि दर दोन तासांनी शूला पाठवा. चार-सहा तासांत लघवी फिकट झाली आणि जळजळ गेली तर विषय संपला. दुसऱ्या दिवशीही जळजळ आहे, मधेच ताप आला किंवा लघवी फिकट होऊनही दुखतंय, तर ती उन्हाळी नाही. धण्याचं पाणी, सब्जा, बार्लीचं पाणी हे सगळं पोटात पाणी जाण्यापुरतं ठीक. जंतू मारायचं काम त्यांचं नाही. औषधाच्या दुकानात लघवीच्या जळजळीसाठी मिळणारं गुलाबी सायट्रेटचं सिरपही तसंच: लघवीची आम्लता कमी होते, जळजळ दबते आणि संसर्ग आत चालू राहतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला यातलं काहीच द्यायचं नाही. आईचं दूध जास्त वेळा द्यायचं.

जळजळीची आणखी काही कारणं संसर्गासारखी दिसतात. मुलींमध्ये शूच्या जागेच्या बाहेरची त्वचा लाल होऊन चुरचुरते. साबण, अँटिसेप्टिक, घट्ट नायलॉनची चड्डी ही त्याची नेहमीची कारणं. लघवी त्या सोललेल्या त्वचेवर लागते म्हणून दुखतं. रात्री शीच्या जागी खाज येऊन मूल उठत असेल तर जंत बघा. लघवी वारंवार आणि प्रत्येक वेळी भरपूर होतेय, जळजळ नाही, तहान खूप आहे, वजन उतरतंय, तर आधी रक्तातली साखर तपासायची, त्याच दिवशी. आणि लघवी लाल दिसली तर आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का, हेही आठवून बघा.

नमुना घेण्याची पद्धत

औषधाच्या दुकानातून किंवा लॅबमधून कल्चरसाठीची निर्जंतुक, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची डबी आणा. धुतलेली औषधाची बाटली, जॅमची बरणी चालत नाही. झाकण उघडलं की ते उलटं, आतली बाजू वर करून ठेवा आणि डबीच्या आत बोट लावू नका.

बोलतं-चालतं मूल असेल तर मधल्या धारेचा नमुना घ्यायचा. हात साबणाने धुवा. मुलाची शूची जागा साध्या स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कपड्याने टिपा. डेटॉल, सॅव्हलॉन लावू नका. त्याचा अंश डबीत उतरला तर जंतू मरतात आणि संसर्ग असूनही कल्चर कोरं येतं. मुलग्याची पुढची त्वचा सहज मागे जाईल तेवढीच सरकवा. मुलीला भारतीय संडासावर गुडघे फाकवून बसवा. कमोड असेल तर उलट, टाकीकडे तोंड करून बसवा. मांड्या आपोआप उघडतात आणि धार त्वचेला घासत नाही. पहिली धार सोडून द्या, मग धार चालू असतानाच डबी खाली धरा आणि ५ ते १० मिलिलिटर जमलं की बाजूला घ्या. शेवटचे थेंब घ्यायचे नाहीत. पहिली धार का सोडायची, तर तोंडाशी असलेले बाहेरचे जंतू ती धुऊन नेते.

बाळाचं मात्र कसब आहे. दूध पाजून वीस-पंचवीस मिनिटं झाली की जागा धुऊन टिपून घ्या. तान्ह्या बाळासाठी दोन माणसं लागतात. एकाने काखेत धरून बाळाला उभं ठेवायचं, पाय लोंबते. दुसऱ्याने बेंबीखाली, ओटीपोटावर बोटांच्या टोकांनी हलक्या टिचक्या मारायच्या, मिनिटाला साधारण शंभरच्या वेगाने, ३० सेकंद. मग कमरेच्या खालच्या भागावर अंगठ्यांनी गोल गोल ३० सेकंद चोळायचं. हे आलटून पालटून पाच मिनिटांपर्यंत करत राहायचं आणि उघडी डबी हातात तयार ठेवायची. महिन्याच्या पुढच्या बाळासाठी सोपी युक्ती आहे: निजवून, गार पाण्यात भिजवलेल्या गॉझने ओटीपोट गोल गोल चोळत राहायचं. गारव्याने अनेक बाळं पाच मिनिटांत शू करतात. धार हवेतच झेलायची. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर तासाभराने पुन्हा. घाईत डायपरमधला कापूस पिळून नमुना भरू नका, तो कशाच्याच उपयोगाचा नसतो.

चिकटवायच्या पिशवीचं काय? त्या पिशवीत त्वचेवरचे आणि शीचे जंतू मिसळतात. पिशवीच्या नमुन्यात काहीच निघालं नाही तर संसर्ग नाही हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पण जंतू निघाले तर ते लघवीतले की त्वचेवरचे हे सांगता येत नाही, त्यामुळे कल्चरसाठी पिशवी वापरू नये. दोन वर्षांखालचं मूल आजारी आहे आणि धार झेलता येत नाही, तर नर्स बारीक निर्जंतुक नळी घालून नमुना घेते. ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो, पण काम मिनिट-दोन मिनिटांचं असतं आणि चुकीच्या निदानावर दहा दिवस औषध देण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

डबीवर नाव, वय, तारीख आणि लघवी घेतल्याची वेळ लिहा. तासाभरात लॅबमध्ये पोचवा. ते शक्य नसेल तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि बर्फाच्या डब्यात घालून २४ तासांच्या आत द्या. गावाहून तालुक्याच्या लॅबला जाताना दुचाकीच्या डिकीत दोन तास तापलेला नमुना खोटं बोलतो. उबेत जंतू अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होतात आणि सात वेळा दुप्पट झाले की हजाराचे सव्वा लाख होतात.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

रुटीन तपासणी तासाभरात येते. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात पाचपेक्षा जास्त असतील तर संशय वाढतो. पण पस सेल्स कोणत्याही तापात, बाहेरच्या त्वचेच्या दाहातही वाढतात. ‘पस सेल्स आठ-दहा’ एवढ्याच ओळीवर दहा दिवसांचं अँटिबायोटिक लिहून घेणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. लघवीत पेशी नाहीत, नायट्राइट नाही आणि मूल मोठं आहे, तर संसर्गाची शक्यता कमी. नायट्राइट पॉझिटिव्ह आलं तर ते बरंच खात्रीचं, कारण ते जंतूच तयार करतात. मात्र त्यासाठी लघवी मूत्राशयात चारेक तास साठलेली असावी लागते. बाळं सारखी शू करतात, म्हणून त्यांचं नायट्राइट निगेटिव्ह आलं तरी निश्चिंत होऊ नका. एन्टेरोकॉकस हा जंतू तर नायट्राइट बनवतच नाही.

कल्चरला ४८ ते ७२ तास लागतात. मधल्या धारेच्या नमुन्यात दर मिलिलिटरला १ लाख किंवा जास्त एकाच प्रकारचे जंतू, नळीच्या नमुन्यात ५० हजार, हे नेहमीचे उंबरठे. लक्षणं आणि पेशी दोन्ही स्पष्ट असतील तर डॉक्टर यापेक्षा कमी संख्याही मानतात. रिपोर्टवर दोन-तीन प्रकारचे जंतू लिहिले असतील तर नमुना बाहेरून दूषित झालाय, तो पुन्हा घ्यायचा. आणि काहीही त्रास नसलेल्या मुलाच्या लघवीत जंतू निघाले तर बहुतेक वेळा औषध देत नाहीत. ते मारायला गेलं की त्यांच्या जागी चिवट जंतू येऊन बसतात.

संसर्ग का होतो

शंभरातल्या ऐंशी-नव्वद वेळा जंतू एकच: ई. कोलाय, मुलाच्या स्वतःच्या आतड्यातला. तो शीच्या जागेपासून शूच्या जागेपर्यंत येतो आणि तिथून वर चढतो. प्रत्येक मुलाच्या त्वचेवर तो असतो, तरी बहुतेकांना काही होत नाही, कारण दर दोन-तीन तासांनी येणारी लघवी त्याला धुऊन बाहेर टाकते. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरावं तसं, लघवी आत रेंगाळली की जंतूला मुक्काम करता येतो. म्हणून वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलात पहिला प्रश्न ‘अस्वच्छ राहतं का’ हा नसावा, ‘लघवी कुठे अडते’ हा असावा.

पहिल्या काही महिन्यांत मुलगे जास्त सापडतात, नंतर मुली. मुलींची मूत्रनलिका, म्हणजे मूत्राशयातून लघवी बाहेर आणणारी नळी, आखूड असते. सात वर्षांपर्यंत साधारण ८ टक्के मुलींना आणि २ टक्के मुलग्यांना एकदा तरी संसर्ग झालेला असतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं आणि सगळ्यात कमी वेळा विचारलं जाणारं कारण बद्धकोष्ठता आहे. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग कडक शीने भरला की तो समोरच्या मूत्राशयाला दाबतो. मूत्राशय पूर्ण भरत नाही, पूर्ण रिकामंही होत नाही. ‘रोज होते हो’ हे उत्तर पुरेसं नाही. शी खड्यासारखी होते का, संडास तुंबेल इतकी जाड येते का, चड्डीला डाग लागतात का, हे विचारा. चड्डीला लागणारी पातळ शी अनेकदा जुलाबाची नसते, अडकलेल्या खड्याच्या कडेने झिरपलेली असते.

दुसरं कारण शू दाबून धरणं. सात वाजता शाळेची बस, शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नाही किंवा कडी नाही, म्हणून मुलगी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि दीडला घरी येऊन धावत सुटते. पायावर पाय आवळणं, नाचणं, एक टाच शूच्या जागेवर दाबून खाली बसणं या दाबून धरण्याच्या खुणा आहेत. काही मुली शू करताना मांड्या जुळवून बसतात, चड्डी गुडघ्यात अडकलेली. लघवी योनीमार्गात जाते आणि उठल्यावर चड्डी ओली होते. चड्डी घोट्यापर्यंत खाली सरकवली तरी यातलं बरंच थांबतं.

मग रचनेतले दोष. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी, मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत येते, म्हणून मूत्राशय आवळलं की तिचं तोंड दबतं आणि लघवी वर जात नाही. तो तिरका भाग आखूड असेल तर लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाते. याला रिफ्लक्स म्हणतात, पायऱ्या एक ते पाच. तापाचा संसर्ग झालेल्या मुलांत तीनातल्या एकाच्या आसपास हा सापडतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीचा बहुतेकदा वाढत्या वयात आपोआप जातो. मुलग्यांमध्ये मूत्रनलिकेत पडदा असू शकतो: बाळाची धार जोरात उडत नाही, थेंब थेंब गळते, कुंथावं लागतं. हे दिसलं तर पहिल्या संसर्गाची वाट बघू नका, लगेच दाखवा. गरोदरपणातली सोनोग्राफीची फाइल बाहेर काढा. बाळाचं मूत्रपिंड फुगलेलं असल्याची नोंद त्यात असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा ती कपाटातच राहते.

मुलग्यांच्या पुढच्या त्वचेबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. लहान वयात ती चिकटलेली असणं नैसर्गिक आहे. आंघोळीच्या वेळी ‘साफ करायला’ ती जोराने मागे ओढली की फाटते, व्रण धरते आणि नसलेला आजार तयार होतो. शू करताना ती फुग्यासारखी फुगतेय आणि धार दोऱ्यासारखी बारीक आहे, किंवा वारंवार लाल होऊन दुखतेय, तर डॉक्टर काही आठवडे लावायचं स्टिरॉइडचं मलम देतात. बहुतेक मुलांचं त्यावर भागतं.

थंड फरशीवर बसणं, आंबट खाणं, नजर लागणं यांचा संबंध नाही. डायपरचाही थेट नाही, फक्त शी झालेला डायपर तासभर तसाच ठेवू नये आणि एरवीही तीन-चार तासांनी बदलावा.

औषध देताना

कोणतं अँटिबायोटिक, किती, हे वजनावर आणि भागातल्या जंतूंच्या सवयीवर ठरतं, ते डॉक्टर ठरवतील. तुमच्या हातात असतात त्या गोष्टी वेगळ्या. तापाचा संसर्ग असेल तर साधारण ७ ते १० दिवस, लहान बाळात किंवा गुंतागुंत असेल तर १० ते १४; मोठ्या मुलाच्या नुसत्या मूत्राशयाच्या संसर्गाला याहून कमी दिवस पुरतात. तीन महिन्यांखाली सुरुवात इंजेक्शनने, भरती करून. तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून बाटली कपाटात ठेवायची नाही.

पावडरीच्या बाटलीत उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं कालवलेलं सिरप अनेकदा फ्रिजमध्येही सातच दिवस टिकतं. दहा दिवसांच्या कोर्ससाठी दुसरी बाटली लागते. लेबल वाचा. घरातल्या चमच्याने मोजू नका, पिचकारी किंवा टोपण वापरा.

तापाला पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे घोळ होतो तो बाटल्यांमध्ये. दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम हवं, म्हणजे मिलिलिटरला १०० असलेले ड्रॉप्स दीड मिलिलिटर, पाच मिलिलिटरला २५० असलेलं सिरप ३ मिलिलिटर, आणि पाचला १२० असलेलं सव्वासहा. ड्रॉप्स या शेवटच्या सिरपसारखे मोजले तर डोस चौपट होतो. उलट्या होत असताना, मूल सुकलेलं असताना आयब्युप्रोफेन देऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो.

योग्य औषध असेल तर ४८ ते ७२ तासांत ताप खाली येतो. आला नाही तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही किंवा आत कुठे अडथळा, पू आहे. कल्चर बघून औषध बदलतात आणि सोनोग्राफी लगेच करतात. मूल प्रत्येक घोट उलटून टाकतंय, आठ तासांत शू झालेली नाही, गुंगीत आहे, हुडहुडी भरतेय, किंवा त्याला एकच मूत्रपिंड किंवा आधीपासून रिफ्लक्स आहे, तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, घेऊन जा. मूल बरं झालं, खेळायला लागलं, की ‘खात्रीसाठी’ पुन्हा कल्चर करण्याची सहसा गरज नसते.

नंतरच्या तपासण्या

पहिल्या सिद्ध झालेल्या संसर्गानंतर मूत्रपिंड आणि मूत्राशयाची सोनोग्राफी करतात. तिला सुई नाही, भूल नाही. शू सांगता येणाऱ्या मुलाला आधी पाणी पाजून न्या आणि शू केल्यानंतर मूत्राशयात किती उरलंय हेही मोजायला सांगा. तो आकडा दुखण्याचं मूळ दाखवतो आणि सांगितलं नाही तर राहून जातो. सोनोग्राफीत दोष दिसला, जंतू ई. कोलायपेक्षा वेगळा निघाला किंवा लहान मुलाला संसर्ग पुन्हा झाला, तर एमसीयू नावाचा एक्स-रे करतात: नळीने मूत्राशयात औषध भरून, बाळ शू करत असताना फोटो काढतात. डीएमएसए स्कॅन व्रण शोधतो. तो संसर्गानंतर चार ते सहा महिन्यांनी करतात, आधी केला तर ताजी सूज आणि कायमचा व्रण यात फरक कळत नाही. रक्तदाब मोजायलाही विसरू नका; मुलांच्या मापाचा पट्टा लागतो, मोठ्यांच्या पट्ट्याने आकडा खोटा कमी येतो.

रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस द्यायचा का, यावर मतं बदलत आली आहेत. अमेरिकेतल्या रिव्हर नावाच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांवर दोन वर्षं हे करून पाहिलं. संसर्ग निम्म्याने घटले, मूत्रपिंडावरचे व्रण मात्र घटले नाहीत, आणि जे संसर्ग झाले त्यातले जंतू जास्त चिवट निघाले. म्हणून आता हा डोस मोठ्या पायरीचा रिफ्लक्स, सारखे तापाचे संसर्ग अशा मोजक्या मुलांनाच देतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

पहिल्या संसर्गानंतर वर्षभरात १२ ते ३० टक्के मुलांना तो पुन्हा होतो. हे कमी करायचं तर घड्याळ लावून शू. सकाळी उठल्यावर, शाळेला निघताना, छोट्या सुट्टीत, मोठ्या सुट्टीत, घरी आल्यावर, संध्याकाळी, झोपताना. म्हणजे दिवसाला सहा-सात वेळा, ‘लागली नाही’ म्हटलं तरी. वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या, तासाला मधेच सोडायला ती उपयोगी पडते. पाय लोंबकळत असतील तर कमोडसमोर पाट ठेवा, मांड्या उघड्या. झाल्यावर उठू नका, वीसपर्यंत मोजून पुन्हा एकदा करायला सांगा.

सुट्टीच्या दोन दिवशी मापाच्या भांड्यात शू करायला लावून वेळ आणि मिलिलिटर लिहा. मूत्राशयाची अपेक्षित क्षमता वयात एक मिळवून तीसने गुणलं की येते: पाच वर्षांच्या मुलाची १८० मिलिलिटर. रोज ५०-६० होत असेल किंवा एकदाच ३५० येत असेल, तर ती वही डॉक्टरांना शंभर वर्णनांपेक्षा जास्त सांगते. चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसभरात १ ते १.४ लिटर द्रव जायला हवेत, त्यातले निम्मे शाळा सुटेपर्यंत. पाण्याची बाटली घरी भरलेलीच परत येत असेल तर उत्तर तिथेच आहे.

बद्धकोष्ठतेला जेवणानंतर पाच-दहा मिनिटं संडासला बसवणं, वयात पाच मिळवून येतील तितके ग्रॅम तंतू रोज, आणि दूध ४००-५०० मिलिलिटरवर आणणं. भाकरी, सालीचे मूग, पालेभाजी, पेरू, पपई; मैद्याची बिस्किटं बाजूला. शी अडकून बसली असेल तर आहाराने सुटत नाही. आधी ती बाहेर काढायचं औषध, मग लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल काही महिने लागतात. ‘सवय लागेल’ म्हणून मधेच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

धुताना पाणी आणि हात पुढून मागे. जेट स्प्रे मागून मारला तर शी पुढे ढकलली जाते. साबण, व्ही-वॉश, पावडर शूच्या जागी नको. सुती, सैल चड्डी.

आणि एक फाइल करा: प्रत्येक कल्चरची तारीख, जंतू, कोणत्या औषधाला दाद देतो, सोनोग्राफीतली मूत्रपिंडांची मापं. त्या मुलाला यापुढे कधीही कारण न कळणारा ताप आला तर २४ तासांच्या आत लघवी तपासायची, आणि नमुन्याची एक रिकामी निर्जंतुक डबी घरात आणून ठेवायची, कारण ताप बहुतेक रविवारी संध्याकाळी येतो आणि तेव्हा दुकानं बंद असतात. रिफ्लक्स निघाला असेल तर लहान भावंडांबद्दलही डॉक्टरांना विचारा. तो भावंडांत चारातल्या एकाच्या आसपास आढळतो.